वणीचे बापूजी अणे आणि दिल्लीचे सभागृह

विदर्भातला खासदार लोकसभेत कापसाच्या भावावर बोलायला उठला, की दोन-चार वाक्यांत सिंचनाचा अनुशेष येतो, मग नागपूर करार (विदर्भाला महाराष्ट्रात न्याय्य वाटा देण्याचे १९५३ चे आश्वासन), आणि शेवटी वेगळ्या राज्याची मागणी. बाहेरच्या माणसाला वाटते, गडी विषय सोडून बोलतोय. पण इथला कोणताही प्रश्न दिल्लीत मांडायचा तर आधी 'हा मुलूख नेमका कुणाचा' हे सांगावे लागे, आणि ती खोड वऱ्हाडच्या, म्हणजे विदर्भाच्या पश्चिम भागाच्या, प्रतिनिधींना इंग्रजी अमलातच लागली. लोकनायक माधव श्रीहरी अणे, म्हणजे यवतमाळकरांचे बापूजी, यांच्या कारकिर्दीत ती सगळ्यात स्पष्ट दिसते.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, वणीचा. तेव्हा जिल्ह्याचे नावही वणीचेच होते; यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये आले. मुलूख कागदोपत्री हैदराबादच्या निजामाचा. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला आणि १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये ठरवून तो कायमच्या पट्ट्याने घेतला. म्हणजे राज्य इंग्रजांचे, सार्वभौमत्व निजामाचे, आणि सारा भरणारा कास्तकार मधल्या मध्ये. याचा परिणाम थेट प्रतिनिधित्वावर झाला. १९१९ च्या सुधारणांनंतर मध्यवर्ती विधिमंडळासाठी वऱ्हाडात निवडणूक होई, मतदान होई, माणूस निवडून येई. पण वऱ्हाड 'ब्रिटिश हिंदुस्थान'चा भाग नसल्याने सरकार त्याला नियुक्त करी आणि मगच तो सभागृहात बसे. अहवालांत बापूजींच्या नावापुढे 'वऱ्हाडचे प्रतिनिधी' असे छापलेले असे. त्याहून मजेची गोष्ट अशी, की ज्या कायद्यांवर ते दिल्लीत मत देत, ते वऱ्हाडला आपोआप लागू होत नसत. त्यासाठी सरकार वेगळी अधिसूचना काढी.

टिळकांच्या तालमीतला हा वकील अशा सभागृहात कायद्याचा कीस काढणारा म्हणून प्रसिद्ध झाला, यात नवल नाही. ज्याच्या बसायच्या जागेलाच कलमांचा टेकू, त्याला कलमे पाठ असणारच. देशासाठी घटनेचा आराखडा करणाऱ्या १९२८ च्या नेहरू समितीतही त्यांचे नाव आहे.

त्या काळातला एक वाद मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तो वरवर शहरी दिसतो. १९२७ मध्ये रुपयाचा दर किती ठेवायचा यावर मध्यवर्ती विधिमंडळात मोठी लढाई झाली. सरकारला रुपया एक शिलिंग सहा पेन्सचा हवा होता, राष्ट्रीय पक्षांना एक शिलिंग चार पेन्सचा. दोन पेन्सचा फरक. पण हिशेब मांडून पाहा. चार पेन्सच्या जुन्या दराने एका पौंडाचे १५ रुपये होत, सहा पेन्सच्या नव्या दराने साधारण १३ रुपये ५ आणे. विलायतेत पौंडात विकल्या गेलेल्या कापसामागे इकडे येणारे रुपये तेवढे कमी, आणि सारा, सावकाराचे व्याज, जिनिंगची मजुरी मात्र रुपयांतच. अमरावती-खामगावच्या बाजारात भाव का पडला हे गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला कुणी सांगत नसे. त्याला अडत्या दिसे, शिलिंग दिसत नसे. सरकारचे विधेयक अगदी थोडक्या मतांनी पार पडले. कापसाच्या भावाचा राग व्यापाऱ्यावर निघतो आणि निर्णय चलन-आयात-निर्यातीच्या धोरणात झालेला असतो, हे आजही पांढरकवड्याच्या किंवा वरोऱ्याच्या यार्डात उभे राहिले की पटते.

१९३० मध्ये बापूजी दिल्लीतून पुसदला आले. मिठाचा सत्याग्रह करायला विदर्भाला समुद्र नाही; म्हणून जंगलाचा कायदा निवडला गेला. १० जुलै १९३० रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली पुसदजवळ राखीव जंगलात परवान्याशिवाय गवत कापले गेले आणि त्यांना अटक झाली. गवत हा विषय शहरी वाचकाला किरकोळ वाटेल. ज्याच्या दावणीला बैल आहेत त्याला विचारा. चराईचा पास, काडीकाडीची फी आणि जंगल नाकेदाराची मर्जी हा पुसद-दिग्रस भागातला रोजचा जाच होता, म्हणून तर गावेच्या गावे विळे घेऊन निघाली.

पुढचा काळ थोडक्यात सांगतो. १९३३ मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. १९३४ मध्ये जातीय निवाड्याबाबत (धर्म-जमातवार वेगळे मतदारसंघ देणारा इंग्रज सरकारचा निर्णय) काँग्रेसने 'ना स्वीकार ना नकार' अशी भूमिका घेतली, ती न पटून पंडित मालवीय आणि अणे यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. १९३५ नंतर मध्यवर्ती विधिमंडळात या छोट्या गटाचे पुढारीपण बापूजींकडे होते.

मग १९४१ आले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा विस्तार झाला आणि बापूजी त्यात गेले. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे आले. आयुष्यभर विरोधी बाकांवरून सरकारला धारेवर धरणारा माणूस सरकारी बाकावर बसला. त्यांच्या चाहत्यांनाही हे समजावून सांगताना अजून अडखळायला होते. माझ्या मते ती त्यांची सर्वांत मोठी राजकीय चूक. आणि तिची किंमत त्यांच्याच मुलखाने वसूल केली. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या चिमूरला आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला उठाव झाला. अधिकारी आणि पोलीस मारले गेले. नंतर चिमुरात फौज घुसली, आणि बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. सरकार चौकशी करायला तयार नव्हते. तेव्हा सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी नोव्हेंबरात दिल्लीला गेले आणि त्यांनी उपोषण मांडले ते कुठे, तर बापूजी अण्यांच्या दारात. वऱ्हाडचा माणूस सरकारात आहे, त्याने चिमूरला येऊन पाहावे, एवढीच मागणी. भन्साळींना पकडून परत पाठवण्यात आले. त्यांनी उपोषण सोडले नाही. ते साठहून अधिक दिवस चालले. त्याच्या बातम्या छापायला बंदी घातली म्हणून ६ जानेवारी १९४३ ला देशातल्या वर्तमानपत्रांनी हरताळ पाळला.

बापूजी चिमूरसाठी बाहेर पडले नाहीत. ते बाहेर पडले फेब्रुवारीत, आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण सुरू केल्यावर. होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह त्यांनी राजीनामा दिला. राजीनाम्याचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते रास्तच होते. चिमूरकरांना तो तीन महिने उशिरा वाटला असेल, तर त्यांनाही दोष देता येत नाही.

नंतर सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी, १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल. त्यामुळे राज्यघटनेच्या कलमवार चर्चेत वऱ्हाडचा ठळक आवाज पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांचा राहिला. ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमावर त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या मसुद्याला उघड विरोध केला: आपण जगातले सर्वांत स्वस्त नागरिकत्व देऊ करत आहोत, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांची उपसूचना फेटाळली गेली. ती फेटाळली गेली हे बरेच झाले, असे मला वाटते. पण त्यांनी वाद घालताना भीड ठेवली नाही हे खरे. पुढे १९५२ ते १९६२ ते केंद्रात कृषी खात्याचे मंत्री होते.

दरम्यान विदर्भाचा पत्ता पुन्हा बदलत होता. १९४७ चा अकोला करार, १९५३ चा नागपूर करार, आणि १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने आठ जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भाची केलेली शिफारस. ती बाजूला ठेवून १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य झाले. या नाराजीवर १९५९ ची नागपूरची पोटनिवडणूक झाली आणि ऐंशीच्या उंबरठ्यावरचे बापूजी अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. १९६२ ला पुन्हा निवडून आले. १९६० मध्ये मुंबई पुनर्रचनेचे विधेयक सभागृहात आले तेव्हा वऱ्हाडचे हे दोघे म्हातारे एकाच छताखाली होते, पंजाबराव मंत्र्यांच्या बाकावर आणि वेगळ्या विदर्भाचे बापूजी समोर.

लोकसभेत बोलायला वेळ मिळतो तो पक्षाच्या संख्याबळावर. अपक्षाच्या वाट्याला काही मिनिटे येतात, तीही चर्चा सरत आल्यावर. वेगळ्या राज्याची मागणी अपक्षाच्या तोंडून मांडणे म्हणजे त्या मागणीला रोज शेपटाकडची जागा देणे, हे त्या दशकाने दाखवून दिले. २६ जानेवारी १९६८ ला बापूजी गेले. पद्मविभूषण त्याच वर्षीचे.

नंतरच्या पिढीने सूर बदलला. विधानसभेत पेपरवेट भिरकावल्याबद्दल १९६४ मध्ये सदस्यत्व गमावलेल्या जांबुवंतराव धोट्यांना यवतमाळने पुन्हा निवडून दिले, आणि १९७१ मध्ये नागपूरने फॉरवर्ड ब्लॉकच्या तिकिटावर लोकसभेत पाठवले. मागास भागांसाठी घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली असलेले विकास मंडळ विदर्भाला मिळायला १९९४ उजाडले. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.