श्रीलंका आणि भारत: दर सगळे पाहतात, मोजणी कुणी पाहायची?

मानव विकासाची चर्चा निघाली की श्रीलंकेचं उदाहरण ठरलेलं. तिथला अर्भकमृत्युदर, म्हणजे हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं, एकेरी आकड्यात, आपला 2023 साली 25. त्यावरून एक जण म्हणतो, त्यांची आकडेवारी आपल्यापेक्षा सरस. दुसरा म्हणतो, आपल्याकडे सांख्यिकीतज्ज्ञ महालनोबिसांपासूनची परंपरा, त्या चिमुकल्या देशाचं काय सांगता! घोळ दोघांचा एकच. बाळं कमी दगावली तर श्रेय आरोग्यसेवेचं. दगावलेलं प्रत्येक बाळ कागदावर आलं, तर ते सांख्यिकी यंत्रणेचं.

आपल्या यंत्रणेची दुखणी माहीतच आहेत. 2011 नंतर जनगणना रखडली, 2017-18 च्या उपभोग खर्च पाहणीचे निष्कर्ष सरकारने प्रसिद्धच केले नाहीत. श्रीलंकेतही युद्धामुळे 2001 ची जनगणना 25 पैकी 18 जिल्ह्यांतच पूर्ण होऊ शकली. यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

खरी मेख आहे ती नोंदणी आणि नमुना यांत. आपला 25 हा आकडा जन्म-मृत्यू नोंदणीतून येतच नाही. तो येतो एसआरएसमधून, म्हणजे नमुना नोंदणी पद्धतीतून. देशभरातल्या आठ हजारांवर निवडक वस्त्यांत एकेक अर्धवेळ प्रगणक, बहुधा तिथलीच अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक, वर्षभर जन्म-मृत्यू टिपत असतो. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक येतो आणि घरोघर स्वतंत्र चौकशी करून आपली वेगळी यादी करतो. मग दोन्ही याद्या ताडून पाहतात. जो मृत्यू एकाच यादीत आहे त्याची खातरजमा करायला पुन्हा त्या घरी जातात. त्यामुळे ‘नमुना म्हणजे अंदाजपंचे’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. अर्धवट नोंदणीपेक्षा असा काटेकोर नमुना कितीतरी विश्वासार्ह.

पण हा नमुना तालुक्यापर्यंत खाली उतरत नाही. महाराष्ट्राचा दर मिळतो, अक्कलकुवा तालुक्याचा नाही. मातामृत्यू तर नमुन्यात इतके थोडे सापडतात की तीन वर्षांची माहिती एकत्र करून दर काढावा लागतो: 2018-20 साठी लाख जन्मांमागे 97. यातली एकही बाई नावानिशी समोर येत नाही.

श्रीलंकेत पाया नोंदणीचा. खेड्यात घरी मृत्यू झाला की ग्राम निलधारींचा, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी अधिकाऱ्याचा, अहवाल, मग मृत्यू निबंधक. शिवाय तीनेक हजार वस्तीमागे एक सरकारी सुईण असते, तिच्या रजिस्टरात गरोदर बाई आधीच नोंदलेली. माता दगावली तर त्या एकेका मृत्यूची चौकशी होते. त्यांची कमजोर बाजू मृत्यूच्या कारणांची: घरच्या मृत्यूत कारण अनेकदा डॉक्टरविनाच लिहिलं जातं.

‘ते छोटे, आपण मोठे’ ही सबब मला मान्य नाही. केरळ आणि गोव्यात जवळपास सगळे मृत्यू नोंदले जातात. कायदा तोच, 1969 चा, आणि मुदतही तीच, 21 दिवसांची. अडतं ते गरजेवर. सातबाऱ्यावर वारस लावायचे, विम्याचे पैसे काढायचे, तर मृत्यूचा दाखला हवाच. भूमिहीन बाईचा किंवा चार दिवसांच्या बाळाचा दाखला काढायला मजुरी बुडवून कोण जाणार? तिथे यंत्रणेनेच दारात जायला हवं.

करोनात हे अंगाशी आलं. 2020 आणि 2021 मिळून भारतात सुमारे 47 लाख जादा मृत्यू, म्हणजे एरवी अपेक्षित असतात त्याहून जास्तीचे, झाल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मे 2022 मध्ये मांडला. सरकारने तो फेटाळला. पण 2021 ची देशभरची नोंदणी तेव्हा प्रसिद्धच झालेली नव्हती, मग पडताळायचं कशाशी? त्या नोंदणीचा अहवाल आला मे 2025 मध्ये. त्यात 2020 चे 81 लाखांवर असलेले नोंदलेले मृत्यू 2021 मध्ये 1 कोटी 2 लाखांवर गेलेले दिसतात. वाढलेली नोंदणी किती आणि वाढलेले मृत्यू किती, हे त्यातूनही नेमकं सांगता येत नाही.

मला विचाराल तर आणखी एका राष्ट्रीय पाहणीवर पैसे घालू नका. आहे त्या नोंदणीचे तालुकावार आकडे दर महिन्याला जाहीर करा, अपुरे असले तरी, आणि किती अपुरे आहेत तेही सोबत छापा.