अमेरिकेतल्या ऑनलाइन खरेदीवरचा राज्यांचा सेल्स टॅक्स

अमेरिकेत आपल्यासारखा देशभराचा जीएसटी नाहीये. विकलेल्या मालावर टॅक्स लावायचा तो राज्याने, आणि राज्याने मुभा दिली तर काउंटीने (म्हणजे तिथला जिल्हा), शहराने, न्यूयॉर्ककडे तर लोकल रेल्वेच्या पट्ट्यासाठीसुद्धा वेगळा ०.३७५% असतो, म्हणून न्यूयॉर्क शहराचा एकूण दर ८.८७५ असा विचित्र आकडा होतो. ५० पैकी ४५ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी हा टॅक्स घेतात. ऑरेगन, मोंटाना, डेलावेअर, न्यू हॅम्पशायर घेत नाहीत, अलास्कात राज्याचा नाही पण काही गावांचा असतो. ऑनलाइन सेल्स टॅक्स म्हणून जे म्हणतात तो काही नवीन टॅक्स नाही, हाच टॅक्स दुसऱ्या राज्यात बसलेल्या विक्रेत्याकडून वसूल करणं एवढंच ते आहे, पण एवढ्यासाठी १९६७ ते २०१८ असा कोर्टकज्जा चालला.

बऱ्याच जणांना वाटतं की पूर्वी ऑनलाइन खरेदी टॅक्स फ्री होती. नव्हती! दुकानदाराने टॅक्स घेतला नाही तर गिऱ्हाइकाने तेवढीच रक्कम 'यूज टॅक्स' म्हणून आपल्या राज्याला आपणहून भरायची असा नियम आधीपासून आहे, कित्येक राज्यांच्या इन्कम टॅक्सच्या फॉर्मवर त्याची वेगळी ओळ पण असते. ती ओळ रिकामी सोडून बहुतेक सगळे पुढे जायचे, आणि हजार रुपयांच्या, आय मीन वीस डॉलरच्या टी-शर्टसाठी कुठलं सरकार कोणाच्या दारात जाऊन बसणार? म्हणजे टॅक्स द्यायचा की नाही हा वाद कधी नव्हताच, तो गोळा कोणी करायचा एवढाच होता.

१९६७ साली मिझुरीतल्या नॅशनल बेलास हेस ह्या कॅटलॉगवरून पोस्टाने माल विकणाऱ्या कंपनीने इलिनॉयचा टॅक्स गोळा करायला नकार दिला आणि सुप्रीम कोर्टाने तिचं ऐकलं, कारण इलिनॉयमध्ये तिचं दुकान नाही, गोदाम नाही, एजंट नाही. १९९२ ला क्विल नावाच्या ऑफिसचं सामान विकणाऱ्या कंपनीविरुद्ध नॉर्थ डकोटाने परत तोच प्रश्न नेला. कोर्टाने कारणं थोडी बदलली पण निकाल तोच ठेवला: राज्याराज्यांतल्या व्यापारावर असं ओझं टाकता येत नाही, राज्यात प्रत्यक्ष हजेरी असेल तरच सक्ती करता येईल, आणि हे बदलायचं तर काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, बदलावं. ह्या हजेरीला तिकडचे सीए लोक 'नेक्सस' म्हणतात आणि ह्या धंद्यातलं अर्धं भांडण त्या एका शब्दावर चालतं.

क्विलच्या वेळी इंटरनेटवर कोणी काही विकत नव्हतं. दोन वर्षांनी अ‍ॅमेझॉन सुरू झाली आणि जेफ बेझोसने सिअ‍ॅटल निवडताना जी कारणं धरली त्यात वॉशिंग्टन राज्याची लोकसंख्या कमी हेही होतं, कारण टॅक्स फक्त त्याच राज्यातल्या गिऱ्हाइकांकडून घ्यावा लागणार होता. मग पुढची कित्येक वर्षं गोदाम कुठे टाकायचं आणि ते कोणत्या कंपनीच्या नावावर दाखवायचं ह्याची कसरत. टेक्सासने २०१० मध्ये २६.९ कोटी डॉलरची थकबाकी काढली, त्यावर कंपनीने तिथलं गोदाम बंद करायची भाषा केली आणि शेवटी २०१२ मध्ये तडजोड होऊन वसुली सुरू झाली. न्यूयॉर्कने २००८ मध्येच वेगळी शक्कल लढवली होती, आपल्या वेबसाइटवर विक्रेत्याची लिंक टाकून कमिशन घेणारे न्यूयॉर्कवाले म्हणजे तुमचे एजंट, म्हणजे तुमची इथे हजेरी आहे. बाकी राज्यांनी तसाच कायदा केल्यावर अ‍ॅमेझॉनने काही ठिकाणी त्या लिंकवाल्यांचेच करार रद्द केले, त्यामुळे बिचारे ब्लॉगवाले फुकट भरडले गेले. दरम्यान गावातल्या दुकानदाराची तक्रार अगदी रास्त होती: लोक येऊन टीव्ही बघतात, बटणं दाबतात, आणि घरी जाऊन आठ टक्के स्वस्तात ऑनलाइन मागवतात.

काँग्रेसने काय केलं? २०१३ मध्ये सेनेटने ६९ विरुद्ध २७ मतांनी बिल पास केलं आणि ते खालच्या सभागृहात पडून राहिलं.

२०१५ च्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती केनेडींनी लिहून टाकलं की क्विलचा फेरविचार व्हायला हवा. साउथ डकोटाने हे बरोबर उचललं. ह्या राज्यात इन्कम टॅक्स नाही, सगळी भिस्त सेल्स टॅक्सवर, म्हणून २०१६ मध्ये त्यांनी कायदाच असा केला की तो कोर्टात जावा: वर्षाला १ लाख डॉलरच्या वर विक्री किंवा २०० व्यवहार झाले तर हजेरी असो नसो, टॅक्स गोळा करा. वेफेअर, ओव्हरस्टॉक आणि न्यूएग ह्या ऑनलाइन विक्रेत्यांवर केस झाली आणि २१ जून २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी राज्याच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र केनेडींचंच. क्विलमुळे सगळ्या राज्यांचं मिळून वर्षाला ८ ते ३३ अब्ज डॉलरचं नुकसान होतं असे अंदाज त्यात आहेत, म्हणजे अंदाजही किती ढोबळ बघा.

विरोधातलं मत सरन्यायाधीश रॉबर्ट्स ह्यांचं, आणि ते वाचायला जास्त मजेशीर आहे. जुना निकाल चुकला होता हे त्यांनाही मान्य, पण दुरुस्ती काँग्रेसने करावी कारण टॅक्स लावणाऱ्या १०,००० च्या वर यंत्रणा आहेत आणि छोट्या विक्रेत्याने हे सांभाळायचं कसं. त्यांची उदाहरणं: इलिनॉयमध्ये ट्विक्स हे खाद्यपदार्थ आणि शेजारीच ठेवलेलं स्निकर्स ही कँडी, कारण ट्विक्समध्ये मैदा आहे, म्हणून दोन चॉकलेटांचा टॅक्स वेगळा. न्यू जर्सीत लोकर स्वेटरसाठी घेतली तर टॅक्स नाही, कलाकुसरीसाठी घेतली तर आहे.

पण निकालानंतर राज्यांनी भराभर कायदे केले, सगळ्यात शेवटी मिझुरीने १ जानेवारी २०२३ पासून. कॅलिफोर्निया आणि टेक्सासने मर्यादा ५ लाख डॉलर ठेवली. न्यू हॅम्पशायरचे व्यापारी फार चिडले, आपल्या राज्यात टॅक्सच नाही आणि दुसऱ्यांसाठी वसुली का करायची म्हणून. खरा बदल मात्र माझ्या मते मार्केटप्लेसच्या कायद्यांनी केला: अ‍ॅमेझॉन, ईबे, एट्सी अशा साइटवर विकलेल्या मालाचा टॅक्स ती साइटच कापते आणि भरते, विक्रेत्याने बघायचं नाही. गंमत म्हणजे अ‍ॅमेझॉन स्वतःच्या मालावर एप्रिल २०१७ पासूनच सगळ्या ४५ राज्यांत टॅक्स घेत होती, त्यामुळे निकालाचा दणका तिला नाही, स्वतःची साइट चालवणाऱ्या मध्यम विक्रेत्यांना बसला.

आपल्याकडे ह्याच्या जवळचं काही असेल तर ते जीएसटीचं कलम ९(५), ज्यामुळे १ जानेवारी २०२२ पासून झोमॅटो-स्विगीवरून मागवलेल्या हॉटेलच्या जेवणाचा जीएसटी हॉटेलवाला नाही तर अ‍ॅप भरतं. कलम ५२ खालचा टीसीएस, म्हणजे साइट विक्रेत्याच्या पैशांतून आधीच कापते तो टॅक्स, वेगळा, तो विक्रेत्याच्या नावावर जमा होतो. आणि पुण्या-कोल्हापुरातून थेट आपल्या साइटवरून अमेरिकेत दागिने, चपला, साड्या विकणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं, भारत-अमेरिका कर करार फक्त तिथल्या केंद्राच्या टॅक्सपुरता आहे, राज्यांच्या सेल्स टॅक्सला तो लागू होत नाही. एखाद्या राज्यातली विक्री मर्यादेच्या वर गेली की तिथे रजिस्ट्रेशन आणि रिटर्न आलंच, मग गोदाम तिकडे असो नाहीतर गावाकडच्या माळ्यावर.