कड्यावरची लॅव्हेंडर

स्पॅनिशमध्ये ‘रिस्को’ म्हणजे कडा. कॅनरी बेटांवर रानात उगवणाऱ्या लॅव्हेंडरला तिथले लोक ‘मातो रिस्को’ म्हणतात, म्हणजे कड्यावरचं झुडूप. नाव चपखल आहे. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर, अटलांटिकमधल्या या ज्वालामुखी बेटांच्या कोरड्या उतारांवर खडकांच्या खाचांतून ती वर येते. शेजारी ‘कार्दोन’ची गच्च जाळी असते. ही काटेरी वनस्पती आपल्या त्रिधारी निवडुंगाची सख्खी नातलग.

फिलिप मिलर यांनी १७६८ मध्ये तिचं लॅव्हंड्युला कॅनारिएन्सिस असं शास्त्रीय नामकरण केलं. कुळ तुळशीचं, त्यामुळे कोवळी फांदी बोटांत फिरवली की तुळशीसारख्याच चार कडा हाताला लागतात. अत्तरासाठी लावतात त्या लॅव्हेंडरची पानं अरुंद आणि सलग असतात. हिची मात्र गाजराच्या पाल्यासारखी दोनदा चिरलेली. निळ्या-जांभळ्या फुलांचा तुरा लांब दांड्यावर येतो आणि बऱ्याचदा बुडाशी फुटून त्याचा त्रिशूळ होतो.

या झाडाची मला सर्वांत मोहवणारी गोष्ट म्हणजे त्याचं बेटागणिक वेगळं होत जाणं. टिम अप्सन आणि सुझन अँड्र्यूज या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये या एकाच जातीच्या सात उपजाती मांडल्या. टेनेरिफची वेगळी, ला पाल्माची वेगळी, ला गोमेराची वेगळी. सात मोठ्या बेटांना सात. मधे खोल समुद्र, त्यामुळे परागकणांची आणि बियांची देवाणघेवाण फारशी होत नाही. शिवाय बेटांची वयंही सारखी नाहीत. फुएर्तेवेंतुरा दोन कोटी वर्षांहून जुनं, तर एल हिएरो जेमतेम अकरा लाख वर्षांचं. पूर्वेकडची बेटं रखरखीत, पश्चिमेकडच्या उंच डोंगरांना व्यापारी वारे ढगांचा ओलावा देतात. अशा वेगवेगळ्या घरांत वाढलेली भावंडं हळूहळू एकमेकांपासून दुरावतात.

तिची बी भिजली की सब्जासारखी बुळबुळीत होते आणि जिथे पडेल तिथे चिकटते. उतारावर राहणाऱ्या झाडाला हे फार उपयोगाचं.

लॅव्हेंडरचा हा गोतावळा कॅनरीहून पूर्वेकडे भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने, अरबस्तानातून थेट आपल्यापर्यंत पोचला आहे. लॅव्हंड्युला गिब्सोनाय सह्याद्रीच्या परिसराबाहेर सापडत नाही. आणि पावसाळा सरला की महाराष्ट्रातल्या उघड्या, खडकाळ माळांवर लॅव्हंड्युला बायपिन्नाटा फुलते. तिच्या नावाचा अर्थच दोनदा चिरलेल्या पानांची.