अंगठा कुठेच जात नाही

गेल्या आठवड्यात भाचीला स्कॉलरशिपच्या फॉर्मची प्रिंट हवी होती, म्हणून आम्ही नागपुरात सीताबर्डीवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. फॉर्म तिच्या जीमेलमध्ये होता. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिने फक्त ईमेल आयडी टाकला. स्क्रीनवर क्यूआर कोड आला, तो तिने स्वतःच्या फोनने स्कॅन केला, फोनवर अंगठा टेकवला आणि समोर इनबॉक्स उघडला. दुकानदार काळजीनं म्हणाले, "ताई, असा अंगठा नका देत जाऊ जी. तो सरळ कंपनीकडे जाते."

त्यांची भीती उगाच नाही. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लावला की त्याची पडताळणी खरोखरच दूरच्या आधार सर्व्हरवर होते. भाचीनं वापरली ती पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमधल्या किल्लीनं खातं उघडायची सोय. पासकीत अंगठ्याचं काम फोनपुरतंच असतं. फोनच्या आत एक गुप्त किल्ली, म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या, ठेवलेली असते, अंगठा ती वापरायची परवानगी देतो. अंगठा उमटत नसेल तर फोनचा पिन टाकला तरी चालतं. लॉगिन करताना कंपनीकडे ना अंगठा जातो, ना पिन, ना ती किल्ली.

मग समोरच्याला कळतं कसं, की किल्ली आपल्याकडेच आहे? मला या सगळ्यात हेच सर्वांत सुंदर वाटतं. कागद-पेन घेऊन बसा.

३ ला पुन्हा पुन्हा ३ ने गुणा आणि दरवेळी १७ ने भागून फक्त बाकी ठेवा. ३, ९, मग २७ ची बाकी १०, मग १३, ५, १५, ११... सोळाव्या पायरीला १ येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. तुमचं गुपित, म्हणजे तुमची किल्ली, आहे ७. सातव्या पायरीला येतो ११, तो तुम्ही जगजाहीर करता. ७ वरून ११ काढणं सोपं, पण ११ वरून ७ शोधायचा तर पायऱ्या मोजत बसावं लागतं. इथे सोळाच आहेत म्हणून जमतं. खऱ्या पासकीत संख्या सुमारे ७८ अंकी असते, तिथे जगातले सगळे कॉम्प्युटर जुंपले तरी मोजणी संपणार नाही.

आता ओळख पटवू. फोन मनात आणखी एक संख्या धरतो, समजा ४, आणि चौथ्या पायरीवरचा १३ कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो. सर्व्हर त्याला आयत्या वेळी एक आकडा देतो, समजा ६. फोन ६ ला गुपिताने, म्हणजे ७ ने गुणतो आणि त्यात ४ मिळवतो: ४६. पायऱ्या सोळाच आहेत, म्हणून १६ ने भागून बाकी १४. हा १४ तो पाठवतो. सर्व्हर चौदावी पायरी बघतो: २. मग जाहीर असलेला ११ सहा वेळा घेऊन गुणतो, बाकी येते ८. त्याला १३ ने गुणलं की १०४, आणि १७ ने भागल्यावर बाकी पुन्हा २. जुळलं! सात हा आकडा फोनबाहेर पडलाच नाही, तरी तो फोनकडे आहे हे सिद्ध झालं.

मनातला ४ मात्र दर वेळी नवा हवा. तोच दोनदा वापरला तर दोन समीकरणांतून शाळेतल्या बीजगणितानं ७ बाहेर निघतो. २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ या सोनीच्या गेमयंत्राची, सॉफ्टवेअर अस्सल आहे हे पटवणारी सहीची किल्ली नेमकी याच चुकीनं उघडी पडली.

पासकीतलं सूत्र थोडं वेगळं आहे. तिथे बहुधा लंबवर्तुळी वक्र (इलिप्टिक कर्व्ह) नावाच्या एका खास वक्ररेषेवरच्या बिंदूंची बेरीज वापरतात. १९८५ मध्ये नील कोब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर या दोघा गणितज्ञांना ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली. जाहीर किल्ली (आपला ११) आणि गुप्त किल्ली (आपला ७) वेगळ्या ठेवण्याचा विचार त्याआधीचा, १९७६ मधला, डिफी आणि हेलमन या संशोधकांचा. गाभा मात्र वर मांडला तोच.

आमच्या शेजारच्या काकूंचं मेलखातं गेल्या वर्षी गेलं. 'आज रात्री खातं बंद होणार' असा मेसेज, खाली लिंक, उघडलेलं पान हुबेहूब. काकूंनी पासवर्ड टाकला, पाठोपाठ ओटीपीही टाकला. पत्त्यात एकच अक्षर जास्त होतं, ते त्यांना दिसलं नाही, आणि पंच्याहत्तरीत ते दिसायलाच हवं होतं असं मी म्हणणार नाही. पासकी असती तर फोनला त्या खोट्या पत्त्यासाठी किल्लीच सापडली नसती. साइटचा पत्ता ब्राउझर स्वतः तपासतो आणि प्रत्येक किल्ली एकाच पत्त्याशी बांधलेली असते.  

पासकी करायला दोन मिनिटं पुरतात: गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात जा, पासकी तयार करा, फोनचं लॉक उघडा. ती कुलूपबंद रूपात, म्हणजे कंपनीला वाचता येणार नाही अशी, त्याच गूगल खात्याच्या तुमच्या इतर अँड्रॉइड फोनवरही पोचते. ॲपलचं तसंच, आयक्लाउड कीचेनमधून. अँड्रॉइड फोन आणि दुसऱ्याचा कॉम्प्युटर अशी जोडी असेल तर क्यूआर कोड. त्या वेळी दोन्हीकडे ब्लूटूथ चालू लागतं, कारण फोन खरंच जवळ आहे याची खात्री त्यावरून होते. कुणी दिल्लीत बसून कोडचा फोटो तुम्हाला पाठवला तर लॉगिन होत नाही.

जुने दरवाजे मात्र उघडेच राहतात. खात्याला पासवर्ड आणि ओटीपी तसेच ठेवले असतील तर चोर तिकडून येऊ शकतो. 'पासवर्डचा जमाना संपला' अशा जाहिरातींवर म्हणून माझा विश्वास नाही. आणि फोनचा पिन १२३४ असेल, तर फोन हाती लागलेल्याला किल्लीही मिळाली.

भाचीची प्रिंट निघाल्यावर त्या कॉम्प्युटरनं विचारलं, इथेही पासकी तयार करायची का? तिनं 'नाही' दाबलं आणि लॉगआउट केलं. दुकानदारांनी विचारलं, "अन् फोन हरवला तं?" दुसऱ्या फोनवर त्याच खात्यात शिरून, जुन्या फोनचा पिन टाकला की साठवलेल्या पासकी परत मिळतात, असं तिनं सांगितलं. मग तिनं काउंटरवर त्यांचाच फोन घेतला आणि सेटिंगमध्ये रिकव्हरीचा, म्हणजे खातं परत मिळवायचा, नंबर बघितला. तो त्यांच्या जुन्या, कधीच बंद झालेल्या सिमचा निघाला.