सायबर बुलिंग : शालेय जागृती

मोबाइल, समाजमाध्यमे किंवा ऑनलाइन खेळांतून एखाद्या मुलाला मुद्दाम आणि पुन्हा पुन्हा छळणे म्हणजे सायबर बुलिंग. एकच पोस्ट शंभर जणांनी पुढे पाठवली तरी तो वारंवार छळच ठरतो, हे मुलांना आधी समजावावे लागते.

छळणारे थोडे, सोसणारा बहुधा एकटा आणि वर्गाच्या ग्रुपमधले बाकीचे सगळे बघे असतात. शिकवायचे मुख्यतः या बघ्यांना. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवल्ली यांच्या चमूने तयार केलेला आणि २००९ पासून तेथील शाळांत राबवलेला ‘कीवा’ कार्यक्रमही याच तत्त्वावर उभा आहे. एका तासिकेत फळ्यावर काल्पनिक ग्रुपमधील आठ-दहा मेसेज लिहावेत आणि थट्टा नेमकी कुठे संपली, हसण्याची इमोजी टाकणाऱ्याने काय केले, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. बघ्याने मेसेज पुढे पाठवू नये, सोसणाऱ्याशी खासगीत बोलावे आणि मोठ्यांना सांगावे. ग्रुपवर उलट भांडल्याने प्रकरण चिघळते. वर्गात खरोखर घडलेला प्रसंग नावे बदलूनही घेऊ नये. मुले तो लगेच ओळखतात आणि सोसणाऱ्याचा दुसऱ्यांदा तमाशा होतो. छळणारा आणि सोसणारा या दोघांना सर्वांसमोर हात मिळवायला लावणेही तितकेच घातक.

ब्लॉक करण्याआधी पुरावा ठेवायला शिकवावे: तारीख, वेळ आणि खातेनाव दिसेल असा स्क्रीनशॉट, शिवाय प्रोफाइलची लिंक. अल्पवयीन मुलाचा नग्न फोटो मात्र याला अपवाद आहे. तो शिक्षकाने स्वतःच्या फोनवर घेऊ नये, कोणाला पाठवू नये. तिथे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ब आणि पॉक्सो कायदा, २०१२ (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) लागू होतात. पॉक्सोच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेची अब्रू जपण्यासाठी प्रकरण दाबणे हा गुन्हा ठरतो. असा फोटो हटवण्यासाठी ‘टेक इट डाउन’ सेवा आहे. तीत फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा हॅश, म्हणजे फोटोवरून तयार झालेला अंकी ठसा, तेवढा पाठवला जातो. तक्रारीसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आणि मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८ हे दोन्ही मुलांच्या वहीत लिहून द्यावेत. आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांबद्दलचे, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ शाळेतील तक्त्यांवर असल्यास काढावे.

एवढे करूनही मुले बोलत नाहीत, कारण फोन काढून घेतला जाईल ही धास्ती असते. म्हणून मुलांच्या पाठाआधी पालकसभा घ्यावी आणि छळ सांगितला म्हणून फोन जप्त करणार नाही, असे पालकांकडून कबूल करून घ्यावे.