पार्श्वभूमी : फोनमधलं जीपीएस आणि डाउनलोड केलेले नकाशे

जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ साली अवकाशात गेला आणि १९९५ मध्ये २४ उपग्रहांची रचना पूर्ण क्षमतेने सुरू झाली. नागरी वापराच्या संदेशात तेव्हा मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायची. मे २००० मध्ये ती मिसळ बंद झाली. जीपीएस असलेला फोन त्याआधीच, १९९९ साली बाजारात आला होता. गल्ली ओळखण्याइतका नेमकेपणा मात्र मिसळ बंद झाल्यावरच आला.

जीपीएसला इंटरनेट लागतं का, याबाबत खरा घोळ झाला तो ‘ए-जीपीएस’ या शब्दाने. ‘ए’ म्हणजे ‘असिस्टेड’, मदत घेणारं. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला अवघे ५० बिट इतक्या संथ गतीने पाठवतो. एका उपग्रहाची नेमकी कक्षा कळायला साधारण अर्धा मिनिट लागतं. सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी मिळायला साडेबारा मिनिटं. मध्येच झाड किंवा इमारत आडवी आली तर वाट पाहणं आणखी लांबतं. हीच माहिती मोबाइल नेटवर्कवरून आयती मिळाली, तर जागा काही सेकंदांत सापडते. मदत एवढीच. काही फोनमध्ये मात्र गणितसुद्धा नेटवर्कच्या सर्व्हरवर होत असे आणि तिथे नेट नसेल तर खरोखरच काही चालत नसे. दोन्ही प्रकारांना नाव एकच! त्यातून ‘जीपीएसला इंटरनेट लागतं’ हा समज पक्का झाला आणि तो अजून हटलेला नाही. शिवाय कित्येक जुन्या फोनवर विमान मोड लावला की जीपीएसही बंद पडायचं, त्याने या समजाला बळच मिळालं. प्रत्यक्षात फोन उपग्रहांना काहीही पाठवत नाही, नुसता ऐकतो.

नेट लागतं ते नकाशाला, आणि तेही नकाशा आधी साठवलेला नसेल तर. सुरुवातीच्या स्मार्टफोनवर तो संगणकावरून केबलने किंवा मेमरी कार्डवरून चढवावा लागे. जानेवारी २०१० मध्ये युरोपातल्या एका मोठ्या फोन कंपनीने ७०हून अधिक देशांत दिशादर्शन फुकट केलं, नकाशे फोनवर ठेवण्याच्या सोयीसकट. माझ्या मते या साऱ्या प्रवासातलं सर्वांत मोलाचं पाऊल हेच. पण तोवर वारं फिरलं होतं. चालू नेटवरून तुकड्यातुकड्याने येणारा नकाशा हाच नियम ठरला आणि डाउनलोडची सोय मेनूत खोल दडली. सर्वाधिक वापराच्या नकाशा-ॲपवर नेटशिवाय वळणावळणाचं मार्गदर्शन यायला २०१५ उजाडलं. मधल्या काळात ही सोय जिवंत ठेवली ती २००४ पासून स्वयंसेवकांनी रेखलेल्या मुक्त नकाशाने. त्याच्या माहितीवर अनेक ऑफलाइन ॲप उभी राहिली.

रेषा आणि बिंदूंच्या रूपात साठवलेला व्हेक्टर नकाशा चित्रांच्या तुकड्यांपेक्षा खूप कमी जागा घेतो, म्हणून अख्खा देश फोनवर मावतो. २०१८ पासून उपग्रहांचे संदेश दोन वारंवारतांवर ऐकून जागा अधिक नेमकी सांगणारे फोनही आले. वाहतूक कोंडीची ताजी खबर मात्र अजूनही नेटवरूनच येते.