हवेला दार कसं बसलं

दिवाळी पहाटेचं गाणं ठाण्याच्या तलावपाळीला उघड्यावर होतं तेव्हा रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे तिकीट मागता येत नाही. तेच गाणं शेजारी गडकरी रंगायतनात झालं की तिकीट काढावं लागतं. गायक तेच, गाणी तीच, पण रंगायतनाला दार आहे आणि रस्त्याला नाही. फुकटचा टेलिव्हिजन विकतचा कसा झाला, याचं उत्तर आपण बहुतेक वेळा चॅनेलवाल्यांच्या हावेत शोधतो. हाव असेलही. पण हवेतून येणाऱ्या चित्राला मुळात दारच नव्हतं, आणि ते बसवण्याची विद्या टप्प्याटप्प्यानं सापडत गेली. ती विद्या समजली की आपल्या महिन्याच्या बिलात काय अटळ आहे आणि काय नाही, हेही उलगडतं.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच. टीव्हीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, वातावरणामुळे किंचित खाली वाकतात. पृथ्वीची गोलाई धरून हिशेब केला, तर एवढ्या उंचीवरून निघालेली लहर तीन मजली इमारतीच्या गच्चीवरच्या अँटेनाला ८० किलोमीटरच्या आसपास गाठू शकते. ठाणं वरळीपासून जेमतेम २५-३० किलोमीटरवर. त्यामुळे नौपाड्यातल्या वाड्यांपासून वाशीच्या सिडको वसाहतींपर्यंत गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या अँटेना उभ्या राहिल्या, सगळ्यांची तोंडं वरळीकडे. पारसिकच्या डोंगरापलीकडे, तळोजाच्या बाजूला, डोंगराची सावली पडायची, कारण या लहरी डोंगराला वळसा घालून फारशा जात नाहीत.

सिग्नल येऊनही चित्र नीट नसे, त्याचं एक कारण फार सुंदर आहे. पडद्यावरच्या माणसाच्या उजव्या अंगाला तोच माणूस फिकट दिसायचा. एक लहर वरळीहून थेट यायची आणि दुसरी एखाद्या इमारतीवर किंवा टेकडीवर आपटून, जरा उशिरा. जुन्या टीव्हीत चित्र डावीकडून उजवीकडे ओळीओळीनं रंगवलं जायचं. एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद, त्यातले ५२ प्रत्यक्ष चित्राचे. ३०० मीटर जास्त फिरून आलेली लहर एक मायक्रोसेकंद मागे पडते. २० इंची टीव्हीचा पडदा सुमारे ४० सेंटीमीटर रुंद, म्हणजे फिकट सावली मूळ चित्रापासून पाऊण सेंटीमीटर उजवीकडे. घरातली फूटपट्टी पडद्याला लावली असती, तर लहर किती मीटर जादा फिरून आली ते मोजता आलं असतं!

या सगळ्यात मनोऱ्याला आपला पत्ता नव्हता. तो नुसता सोडत होता. ठाण्यात आणखी हजार घरांनी अँटेना लावल्या, तरी वरळीला एक युनिट वीज जास्त लागत नव्हती आणि शेजाऱ्याचं चित्रही पुसट होत नव्हतं. सरकारनं बराच काळ टीव्ही संचावर लायसन्स फी घेतली, ती पोस्टात भरावी लागे, पण ती संच बाळगण्याची फी होती. कार्यक्रम पाहिला की नाही हे कोणीच तपासू शकत नव्हतं. १९८०च्या दशकात ही फी बंद झाली. अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९५८ मध्येच या मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. प्रक्षेपण कुलूपबंद करता येईल एवढ्यावरून ते विकणं योग्य ठरत नाही, कारण आणखी एका प्रेक्षकाचा खर्च शून्यच असतो. मला हा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो.

पहिलं दार आलं ते तारेच्या रूपानं. १९९१च्या आखाती युद्धाच्या बातम्या उपग्रहावरून येत होत्या. त्या पकडायला भलीमोठी छत्री लागायची आणि ती घरटी परवडणारी नव्हती. कोणी एकानं गच्चीवर छत्री लावली आणि तिथून गल्लीभर तार ओढली. त्याच वर्षी स्टार टीव्ही आला आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी, मुंबई दूरदर्शनला बरोबर २० वर्षं झाली त्या दिवशी, झी टीव्ही. केबलवाला हा शब्द घराघरांत रुळला. तार एका बाल्कनीतून दुसऱ्या बाल्कनीत, झाडावरून, विजेच्या खांबावरून जायची. तारेत सिग्नल क्षीण होतो, आणि वारंवारिता जितकी जास्त तितका जास्त. म्हणून ठरावीक अंतरावर ॲम्प्लिफायर बसवायचे. प्रत्येक ॲम्प्लिफायर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो. गल्लीच्या टोकाच्या घरात वरच्या नंबरच्या चॅनेलना मुंग्या यायच्या त्या यामुळे. केबलवाल्याला शिव्या पडायच्या, पण त्यातला बराच भाग तांब्याच्या तारेचा दोष होता.

हे दार मात्र अर्धवट होतं. तारेत सगळी चॅनेलं एकत्र धावत होती. ज्याला जोडणी, त्याला सगळं. या घराला खेळाचं चॅनेल द्या, त्या घराला नको, असं करणं अॅनालॉग तारेत, म्हणजे चित्राचे आकडे न करता ते लहरीच्याच रूपात नेणाऱ्या तारेत, जवळजवळ अशक्य. शिवाय गल्लीत किती घरं जोडलेली आहेत, हे चॅनेलवाल्यांना केबलवाला सांगेल तेवढंच कळायचं. पैसे गोळा होत होते, पण हिशेब कोणालाच पटत नव्हता.

खरं दार बसलं ते चित्राचे आकडे झाल्यावर. साध्या डिजिटल चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके, सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येक ठिपक्याला १६ बिट. गुणाकार केला की सेकंदाला साडेसोळा कोटींहून अधिक बिट होतात. एवढं पाठवायला कोणाकडेच जागा नाही. पण बातम्या देणाऱ्या निवेदिकेमागची भिंत क्षणोक्षणी बदलत नसते. मग भिंत एकदाच पाठवायची आणि पुढे फक्त हलणारे ओठ नि पापण्या. एमपेग-२ या पद्धतीनं हे ओझं तीस-चाळीस लाख बिटांवर आलं, म्हणजे सुमारे चाळीसावा हिस्सा. उपग्रहावर जिथे एक अॅनालॉग चॅनेल मावत होतं, तिथे दहा-बारा डिजिटल मावू लागली.

आणि आकड्यांना कुलूप घालता येतं. केंद्रावर चित्राचे आकडे एका किल्लीनं विस्कटले जातात. ही किल्ली साधारण दर दहा सेकंदांनी बदलते. नवी किल्ली चित्राबरोबरच येते, पण तीही एका पेटीत बंद असते. ती पेटी उघडण्याचा अधिकार तुमच्या सेट-टॉप बॉक्समधल्या कार्डाला किंवा चिपला असतो. अधिकाराचे संदेश वेगळे, बॉक्सच्या क्रमांकानिशी पाठवलेले. तुम्ही ढोकाळीला बसून रिचार्ज केलंत की कंपनी तुमच्या घरी थेट काही पाठवत नाही. डीटीएचला, म्हणजे उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीत उतरणाऱ्या सेवेला, परतीचा रस्ताच नाही. ती उपग्रहावरून देशभर हाक मारते की अमुक क्रमांकाच्या बॉक्सला अमुक पॅक खुला. लाखो बॉक्सना ही हाक ऐकू जाते, फक्त तुमचा बॉक्स तिला ओ देतो. तो बंद असेल तर हाक वाया जाते, म्हणून ती पुन्हा पुन्हा मारली जाते. ‘रिचार्जनंतर बॉक्स थोडा वेळ चालू ठेवा’ असं सांगतात ते यासाठी. पैसे भरले तरी चॅनेल दिसत नाही म्हणून हैराण झालेल्या आजी-आजोबांना ही एक गोष्ट कोणीतरी आधीच समजावून सांगायला हवी होती, असं मला फार वाटतं.

डीटीएच २००३ मध्ये आलं. केबलला हेच कुलूप लावायचा प्रयत्न चेन्नईत झाला, मग २००६च्या अखेरीस दक्षिण मुंबईत. सक्ती झाली ती पुढे. मुंबई महापालिका क्षेत्रासाठी ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत होती. ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण-डोंबिवली दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३. त्या तारखेनंतर अॅनालॉग केबलला कायद्यानं जागा उरली नाही.

दार बसल्यावर दर आले. २०१९च्या फेब्रुवारीपासून ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नव्या पद्धतीनं प्रत्येक चॅनेलची किंमत जाहीर झाली आणि १०० चॅनेलांच्या जोडणीसाठी १३० रुपये अधिक कर अशी कमाल मर्यादा ठरली. पुढे तेवढ्यातच २०० चॅनेलं आली, आणि २०२४ मध्ये मर्यादाच उठवली गेली. ग्राहकाला निवड मिळाली हे मान्य. पण पैसे भरूनही जाहिराती तासाला १२ मिनिटांपर्यंत पाहाव्या लागतात, हे मला अजिबात पटत नाही. एकाच चित्राची किंमत आपण दोनदा मोजतो, एकदा पाकिटातून आणि एकदा वेळेतून.

इंटरनेटवरून पाहण्याची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक प्रेक्षकासाठी सर्व्हरकडून स्वतंत्र प्रवाह निघतो. एक लाख लोक सामना बघत असतील तर एक लाख प्रवाह, मग ते एकाच सोसायटीत राहत असले तरी. तिथे आणखी एका प्रेक्षकाचा खर्च खरोखर वाढतो, म्हणून पैसे मागण्याला भौतिक आधार थोडा तरी आहे. प्रक्षेपणात तो नाही. मोबाइलवर थेट प्रक्षेपण उतरवण्याच्या चाचण्या आयआयटी कानपूर आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीनं केल्या त्या याच कारणानं. एकदा सोडा, कितीही जणांना मिळू द्या.

फुकटचा रस्ता आजही खुला आहे आणि तो शहरात फार कमी लोकांना ठाऊक आहे. वरळीच्या मनोऱ्याचं जुनं काम संपलं. अॅनालॉग प्रक्षेपण देशभर, काही मोजकी ठिकाणं वगळता, २०२२पर्यंत बंद झालं. पण दूरदर्शनची डीडी फ्री डिश ही उपग्रह सेवा २००४पासून चालू आहे. छत्री आणि बॉक्स एकदाच विकत घ्यायचे, महिन्याचं काही नाही. सह्याद्री त्यावर आहे. इथे हिशेब चक्क उलटा चालतो. खासगी चॅनेलं जागेसाठी लिलावात बोली लावून प्रसार भारतीला पैसे देतात, कारण प्रेक्षक वाढले की जाहिरातीचं उत्पन्न वाढतं. क्रिकेटप्रेमींसाठी आणखी एक गोष्ट. २००७च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दूरदर्शनला द्यावे लागतात, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानुसार दूरदर्शनला मिळालेलं ते प्रक्षेपण खासगी केबल किंवा डीटीएचवर दाखवता येत नाही. म्हणून पैसे भरलेल्या बॉक्सवरच्या दूरदर्शनला जो सामना नसतो, तो फ्री डिशवर असू शकतो.

अडचण आहे ती बिल्डिंगच्या दिशेची. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. ठाण्यातून पाहिलं तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर येतो. घोडबंदर रोडवर वायव्येकडे, येऊरच्या बाजूला बाल्कनी असलेल्या फ्लॅटमधून तो दिसणं शक्यच नाही, आणि समोर नवा टॉवर जवळ उभा राहिला तर आग्नेयेची बाल्कनीही कामाची राहत नाही. जुलैतल्या मुसळधार सरींत चित्र चौकटी-चौकटीत फुटेल, मग काही मिनिटं जाईलही, कारण या लहरी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांबीच्या आणि पावसाचे दाट थेंब त्या शोषतात, विखुरतात. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचंही त्या वेळी हेच होतं. गच्चीवर मात्र आग्नेय बहुधा मोकळी असते. तिथे एकच छत्री नीट बसवून मल्टिस्विचमधून, म्हणजे एका छत्रीचा सिग्नल अनेक घरांना वाटणाऱ्या पेटीतून, प्रत्येक मजल्यावर तार उतरवता येते. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत गच्चीवरच्या सोलर पॅनेलचा विषय निघाला, तर पॅनेलच्या आराखड्यात आग्नेयेच्या कठड्याजवळ या छत्रीसाठी मीटरभर जागा राखून ठेवायला सांगा.